नवशिक्यांचें भित्तिचित्र

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ज्यांचें रोजचें जाणेंयेणें आहे, त्यांच्या नजरेंतून एक गोष्ट सुटली नसेल. या शहरांतील भिंती गेल्या कांहीं वर्षांत रंगूं लागल्या आहेत. पुलांचे खांब, शाळांचीं कुंपणें, स्थानकांचे जिने, सोसायट्यांच्या दर्शनी भिंती, इतकेंच काय पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतील बैठकीची एखादी भिंत, यांवर कोठें वेली, कोठें मोर, कोठें कमळें, आणि सर्वांत अधिक ठिकाणीं गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांनीं काढलेलीं नाचणारीं माणसें दिसूं लागलीं आहेत. यांपैकीं थोडीं कामें कसलेल्या चित्रकारांचीं आहेत. पुष्कळशीं मात्र अशा हातांचीं आहेत, कीं ज्यांनीं त्यापूर्वीं वहीच्या कागदाहून मोठ्या जागेवर कधीं रेघ ओढलेली नव्हती. विद्यार्थी, गृहिणी, सुटीच्या दिवशीं जमलेले तरुण, नोकरींतून मोकळे झालेले गृहस्थ, असे हे नवशिके भित्तिचित्रकार आहेत. २०१६ सालच्या ऑक्टोबरांत गांधीजयंतीपासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील अनेक स्थानकें स्वयंसेवकांनीं रंगविलीं, तेव्हांपासून तर हा छंद पुष्कळांस आपल्या आवांक्यांतला वाटूं लागला आहे.

या चित्रांविषयीं दोनच प्रकारचे अभिप्राय कानावर येतात. एक कौतुकाचा: मुलांनीं आपण होऊन कष्ट केले, पानाच्या पिचकाऱ्यांनीं बरबटलेली भिंत स्वच्छ झाली, आणखी काय पाहिजे? दुसरा तुच्छतेचा: ही रंगाची नासाडी आहे, ज्यास काढतां येत नाहीं त्यानें भिंतीच्या वाटेस जाऊं नये. आम्हांस हे दोन्ही अभिप्राय सारखेच उथळ वाटतात. पहिल्यांत चित्र पाहिलेलेंच नसतें, चित्रकाराचा हेतु तेवढा पाहिलेला असतो. दुसऱ्यांत चित्रकाराची पदवी पाहिलेली असते. चित्र म्हणून या चित्रांचा विचार कोणीं करीत नाहीं. पुस्तक नावडलें तर मिटून ठेवतां येतें. नाटक नावडलें तर उठून जातां येतें. रस्त्यावरच्या भिंतीच्या बाबतींत ती सोय नाहीं. जें चित्र हजारों माणसांस इच्छा असो वा नसो रोज पाहावें लागतें, त्याची टीका पुस्तकाच्या टीकेपेक्षां कमी निकडीची कशी मानावी? नवशिक्यानें भिंतीस हात घालावा कीं नाहीं, आणि घातला तर कोणत्या शिस्तीनें, या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम भित्तिचित्र म्हणजे काय तें पाहूं. कागदावरील चित्रास चौकट असते आणि तें उचलून नेतां येतें. भिंतीवरील चित्रास आधीं भिंत असते. तिला दार असतें, खिडकी असते, कोपरा असतो, दिवसाच्या ठराविक वेळीं तिच्यावर उजेड येतो, आणि तिच्यापुढून जाणाराची एक ठराविक वाट असते. हें सारें चित्रकारानें निर्माण केलेलें नसतें. तें त्यास पत्करावें लागतें. अजिंठ्यास चित्रकाराच्या कुंचल्याआधीं गिलावा करणाराचा हात लागलेला आहे. कातळाच्या खडबडीत अंगावर माती, तूस व वनस्पतींचे तंतु यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग, असा तेथील क्रम आहे. त्या चित्रांच्या प्रतिकृतींची कथा या संबंधांत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत गेल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून वर्षानुवर्षें खपून ज्या प्रतिकृति केल्या, त्यांतील बऱ्याच १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें जळाल्या. उचलून नेतां येण्याजोगें जें होतें तें गेलें. जें भिंतीस धरून होतें तें झिजलें, कोठें गळून पडलें, परंतु आजहि आपल्या जागीं आहे. भिंत आणि चित्र यांचा संबंध किती जिवाभावाचा असतो, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याच कलाशाळेंत १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं भित्तिचित्रणाचा वर्ग चालविला, आणि त्या वर्गांतून तयार झालेल्या तरुणांनीं पुढें नव्या दिल्लीच्या सचिवालयांतील भिंती रंगविल्या. म्हणजे शिकावूंच्या हातीं भिंत द्यावी ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांइतकी जुनी आहे. परंतु तो वर्ग होता. त्यांत गुरु होता आणि क्रम होता. डोंबिवलीच्या गृहिणीस किंवा कळव्याच्या विद्यार्थ्यास असा वर्ग कोठून मिळावा? तिच्या हातीं दूरध्वनीच्या पडद्यावरचें एक आयतें चित्र असतें, दुकानांतून आणलेला रंगाचा डबा असतो, आणि समोर दहा फुटांची भिंत असते. या परिस्थितींत तिनें वळावें तरी कोणाकडे? आमचें उत्तर असें आहे, कीं तिला फार दूर जावयास नको. ज्या भूमींत ती राहते, त्याच भूमींत नवशिक्यांच्या भित्तिचित्राची एक पुरी परंपरा आहे. आणि विलक्षण गोष्ट ही, कीं त्याच परंपरेचीं चित्रें आज शहरांत सर्वांत अधिक उतरविलीं जात असून तिची शिस्त मात्र सर्वांत कमी पाळली जात आहे.

आम्ही वारल्यांच्या चित्रांविषयीं बोलत आहों. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके आज पालघर जिल्ह्यांत मोडतात. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणें जिल्ह्याचेच भाग होते. तेव्हां वारली चित्र हें ठाणेंकरास परक्या मुलखाचें नाहीं. या चित्रांचें मूळ रूप म्हणजे लग्नाचा चौक. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्यांचा कूड, त्यावर मातीशेणाचें लिंपण, त्यावर गेरू, अशी भिंत सिद्ध झाली कीं सुवासिनी तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या कालवणानें चौक लिहितात. बांबूच्या काडीचें टोंक चावून वा ठेचून मऊ केलें कीं झाली कुंचली. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी; जवळच लहानशा देवचौकांत पंचशिऱ्या देव; आणि भोंवतीं झाडें, माणसें, गुरेंढोरें, पांखरें. चौक लिहिला गेल्याखेरीज लग्नाचें कार्य पुरें होत नाहीं. चित्र ‘लिहिणें’ हा शब्दप्रयोग जुन्या मराठींतहि होता. आपण तो सोडला आणि ‘काढणें’ धरलें. लिहिणारास अक्षरें आधीं ठाऊक असावीं लागतात, हा त्या शब्दांतील अर्थहि त्याबरोबर सुटला.

या परंपरेंत धंद्यानें चित्रकार असा कोणी नव्हता. चौक लिहिणारी बाई वर्षभर शेतांत राबे, लांकूडफाटा आणी, मुलें वाढवी, आणि लग्नाच्या वेळीं भिंतीपुढें बसे. प्रत्येकजण केव्हां ना केव्हां पहिल्यानेंच बसलेली असे. तरीहि त्या चौकांत ढोबळ चुका किंवा पसारा दिसत नाहीं, याचें कारण काय? आमच्या मतें याचीं तीन कारणें आहेत. एक, साधन तोकडें होतें: एक जमीन, एक रंग, एक काडी. त्यामुळें चुकण्याच्या वाटाच थोड्या होत्या. दुसरें, आकृतींची अक्षरमाला ठरलेली होती: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, आणि दोन त्रिकोण टोंकाला टोंक जोडून झालेलें माणसाचें धड. तिसरें, वडीलधारी बाई शेजारीं बसलेली असे व तिच्या हातापाठोपाठ धाकटीचा हात चाले. जिला अजून मधला भाग लिहितां येत नसे, ती कडेचें लिही. नवशिका हात भिंतीवर होता. परंतु तो एकटा नव्हता व मोकाट नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट होती. तें चित्र टिकण्यासाठीं केलेलें नव्हतें. भिंत पुन्हां सारवली जाई, पिठाची रेघ पुसट होई, आणि पुढच्या लग्नास नवा चौक लिहिला जाई. या चित्रांच्या प्राचीनतेविषयीं पुष्कळ बोललें जातें व सहस्रकांचे आंकडे सांगितले जातात. परंतु जी भिंत स्वतःच कांहीं वर्षांत मातीस मिळते, तिच्यावरील चित्राचें वय भिंतीवरून कसें ठरावें? टिकली ती रीत. आणि रीत टिकली याचें कारण चित्र टिकलें नाहीं हेंच होय, कारण प्रत्येक पिढीस तें नव्यानें लिहावें लागलें.

यावर कोणी म्हणेल, कीं ही रीत बदलावयाची नसेल तर ती कला कसली? या आक्षेपास जिव्या सोमा म्हसे यांचें उत्तर आहे. १९३४ सालीं जन्मलेल्या या चित्रकाराची आई लहानपणींच गेली, आणि मुकेपणानें तो धुळींत आकृति रेखूं लागला अशी हकीकत सांगतात. पुरुष असून त्यानें बायकांची कला उचलली. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला खात्याच्या वतीनें वारली पाड्यांत आले, त्यांनीं कागद व रंग दिले, आणि चौकाबाहेरचें सारें जग या चित्रांत आलें. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, २००३ सालीं जर्मनींत ड्यूसेलडॉर्फ येथें रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीनें झालेलें प्रदर्शन, हा सन्मान सर्वांस ठाऊक आहे. २०१८ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. आम्हांस येथें महत्त्वाचें वाटतें तें असें, कीं म्हसे यांनीं साधनांचा तोकडेपणा सोडला नाहीं. त्यांच्या चित्रांतील मासे धरण्याचें जाळें पाहावें. रंग तोच पांढरा, रेघ तीच बारीक. परंतु त्या रेघांची वीण अशी घट्ट व तरीहि हलती आहे, कीं कागद पाण्यासारखा वाटूं लागतो. अक्षरें जुनीं, वाक्य नवें. त्यांच्या जाळ्यांतील नवेपण डोळ्यांत भरतें, तें पाठीमागें जुन्या लिपीचा आधार आहे म्हणूनच.

आतां शहरांतील भिंतींकडे वळूं. वारली म्हणून जें येथें रंगविलें जातें, त्यांत पहिला दोष आहे तो आकृतीच्या निर्जीवपणाचा. नवशिक्यास वाटतें, दोन त्रिकोण आणि एक ठिपका, यांत काय कठीण आहे? वस्तुतः सारें कठीण त्या दोन त्रिकोणांच्या जोडावर आहे. वरचा त्रिकोण खालच्यावर किंचित् कलला कीं माणूस वांकतो, उलट कलला कीं तो ओझें उचलतो, दोन्ही विरुद्ध दिशांनीं झुकले कीं तो नाचतो. तो कलच नाहींसा झाला म्हणजे उरतात त्या डमरूच्या आकाराच्या खुणा. शहरांतील पुष्कळशा भिंतींवर अशाच खुणा ओळीनें उभ्या असतात. स्त्री कोणती व पुरुष कोणता हें अंबाड्यावरून ओळखावें, आणि नाचणारा कोणता व नांगरणारा कोणता हें हातांतल्या वस्तूवरून. साधें तें सोपें असा समज करून घेतल्याचें हें फळ आहे.

दुसरा दोष मांडणीचा. तारप्याचा नाच हें वारली चित्रांतील सर्वांत लोकप्रिय दृश्य. वाळक्या दुध्या भोपळ्याचें व बांबूचें तें वाद्य वाजविणारा मध्यें असतो, आणि हातांत हात गुंफलेल्या नाचणारांची माळ त्याच्याभोंवतीं वळसे घेते. त्याच्याकडे पाठ करावयाची नाहीं हा नाचाचा नियम. म्हणजे चित्रांतील वळसा हा शोभेचा फेर नसून ऐकणारांचा फेर आहे. कुंपणाच्या लांबट भिंतीवर तो वळसा मावत नाहीं, म्हणून तो उलगडून सरळ ओळ केली जाते, आणि तारपेवाला ओळीच्या एका टोंकास जाऊन बसतो. किंवा ओळींतला प्रत्येकजण त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. ज्यानें काढलें त्यास नियम ठाऊक नव्हता, यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु लांब भिंतीस वळसा मानवत नाहीं हें त्यास दिसावयास हवें होतें. लांब भिंतीस चालणारें दृश्य हवें: बाजारास निघालेली रांग, भाताची लावणी, गुरांचा कळप. भिंतीचा आकार आधीं आणि विषय मागाहून, हा साधा क्रम उलटा झाला कीं चांगली आकृतीहि वायां जाते.

तिसरा दोष गर्दीचा. भिंत रिकामी राहिली तर काम अपुरें दिसेल अशी नवशिक्यास धास्ती असते. म्हणून तो ठिपके घालतो, कोपऱ्यांत सूर्य घालतो, सूर्याशेजारीं स्वच्छतेचें वचन घालतो, आणि वचनाच्या खालीं आपल्या मंडळाचें नांव घालतो. गेरूची मोकळी जागा ही या चित्रांतील हवा आहे. ती गेली कीं आकृतींचा श्वास कोंडतो. यांतच भर पडते ती रंगाची. मातीचा गेरू उजेड पितो, म्हणून त्यावरची पिठाची रेघ मंद तेजानें उठून दिसते. तेलरंगाचा तांबडा उजेड परतवितो. त्यावरची चकचकीत पांढरी रेघ दुपारच्या उन्हांत डोळ्यांस टोंचते. रंगाच्या दुकानांत चकाकी नसलेले रंग मिळतात. तेव्हां हा दोष अपरिहार्य नाहीं.

येथें एक नाजूक प्रश्न येतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वारल्यांची कला शहरी माणसानें आपल्या भिंतीवर काढावी काय? कांहीं म्हणतात, शोभेचें चित्र आहे, त्यांत देवाधर्माचा प्रश्न कशाला? दुसरे म्हणतात, ज्यांची कला त्यांचीच. इतरांनीं तिला शिवूं नये. पहिल्यांस आम्ही विचारूं, कीं आपल्या देव्हाऱ्यांतील टाक कोणीं शोभेसाठीं चपलांच्या कपाटावर मांडले तर आपणांस काय वाटेल? पालघट देवी ही लग्नाची देवता आहे. चौक हें तिचें आसन आहे. दूरदर्शनच्या पेटीमागील भिंत भरावयाची म्हणून तो तेथें उतरविणें हें अज्ञानानें झालें तरी उणेपणाचेंच आहे. दुसऱ्यांस आम्ही सांगूं, कीं म्हसे यांनींच हीं चित्रें कागदावर जगापुढें मांडलीं. वारली चित्रकार आज शहरांत येऊन शिकवितात, व त्यावर त्यांचा चरितार्थहि चालतो. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालें आहे, त्याचा हेतु तिच्या नांवावर इतरांनीं बाजार मांडूं नये हा आहे; प्रेमानें शिकूं पाहणाराचा हात धरावा हा नव्हे. म्हणून आमचा निर्णय असा: चौक व देवता वारल्यांच्या घरीं असूं द्याव्या, सार्वजनिक भिंतीवर वारली चित्र हवें असेल तर तें वारली चित्रकाराकडून मोबदला देऊन काढवावें, आणि नवशिक्यानें त्याच्या हाताखालीं बसून कडेचें काम करावें. चौकाच्या कडेस बसणारी धाकटी जशी शिकली, तसाच तो शिकेल.

परंतु स्वतःच्या घरची भिंत रंगवूं पाहणाऱ्या गृहिणीचें काय? तिनें कोणाची लिपि घ्यावी? आमच्या मतें तिच्या हातांत एक लिपि पूर्वींच आहे, आणि तिची तिला आठवण करून द्यावी म्हणूनच हा लेखप्रपंच. दारापुढें गेरूचा चौकोन सारवून त्यावर पांढरी रांगोळी घालणें ही मराठी घराची रीत आहे. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून व इमारतींच्या जिन्यांतून ती अजून चालूं आहे. दिवाळींत तर प्रत्येक मजल्यावर ती दिसते. आतां पाहा: तांबडी जमीन व पांढरी रेघ, ठिपक्यांनीं आधीं जागा मोजून घेण्याची शिस्त, ठराविक आकृतींची अक्षरमाला, आईच्या हातापाठोपाठ चालणारा मुलीचा हात, आणि दुसऱ्या दिवशीं पुसून पुन्हां घालण्याची तयारी. वारल्यांच्या भिंतीचे जे गुण आम्हीं वर सांगितले, ते सारे या उंबऱ्यावर आहेत. फरक एवढाच, कीं एक भिंतीवर उभी आहे व दुसरी जमिनीवर निजलेली आहे. जिला अकरा ठिपक्यांची रांगोळी न चुकतां घालतां येते, ती भित्तिचित्रांत नवशिकी खरी, परंतु निरक्षर नाहीं. तिनें दुसऱ्याच्या लिपीचीं वेडींवांकडीं अक्षरें गिरविण्यापेक्षां आपल्या लिपींत लिहावें, यांत तिचाहि मान आहे व वारल्यांचाहि.

जमिनीवरून भिंतीवर येतांना मात्र कांहीं गोष्टी नव्यानें शिकाव्या लागतात, आणि येथें आम्ही थोडें व्यवहाराचें बोलतों. पहिली गोष्ट ओल. ज्या पट्ट्यांत वर्षाकाठीं शंभर इंचांच्या घरांत पाऊस पडतो, तेथें भिंत हा निर्जीव फळा नसतो. पाऊस संपल्यावर तिला वाळूं द्यावें. हात फिरवून पांढरी भुकटी लागली तर लोणा धरला आहे असें समजावें. बोटानें ठोकून पोकळ आवाज आला तर तेथील गिलावा सुटला आहे असें जाणावें. लोणा व पोपडे खरवडून, ओलीचें मूळ बंद करून, लांबी भरून, घासून, अस्तराचा हात देऊन मगच रंगाचा विचार करावा. नवा गिलावा असेल तर निदान चार आठवडे थांबावें. ओल्या गिलाव्यांतील क्षार कच्चे रंग खातो. ओलसर भिंतीवर तेलरंग फांसला तर आंतलें पाणी कोंडतें व रंग फुगून येतो. या तयारींत चित्राहून अधिक दिवस जातात आणि तिचें कौतुक कोणी करीत नाहीं, म्हणूनच नवशिके ती टाळतात. आणि एका पावसाळ्यांत चित्र पोपड्यांबरोबर गळून पडतें.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. रांगोळी घालणारी वांकून वरून पाहते. तिला सारी आकृति एकदम दिसते. भिंतीपुढें उभा राहणारा हातभर अंतरावरून एकच तुकडा पाहतो. म्हणून आधीं कागदावर लहान आराखडा करावा, त्यावर चौकटी आंखाव्या, भिंतीवर ओळंबा सोडून व सुतानें रेघा मारून तितक्याच मोठ्या चौकटी आंखाव्या, आणि खडूनें आकृति उतरवावी. मग रंग हातीं घेण्यापूर्वीं जेथून ती भिंत नेहमीं पाहिली जाणार तेथें जाऊन उभें राहावें. बैठकींत ती जागा आरामखुर्ची असेल. सोसायटींत फाटक असेल. रेल्वेच्या कडेची भिंत तर धांवत्या डब्यांतून पाहिली जाते. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत व १८५४ सालीं कल्याणपर्यंत आगगाडी आली, तेव्हांपासून या गांवांचा प्रेक्षक हा चालता प्रेक्षक झाला आहे. त्याच्यासाठीं बोटाएवढ्या आकृतींची दाटी करणें म्हणजे न वाचतां येणाऱ्या अक्षरांत पत्र लिहिणें होय. तेथें मोठे आकार, थोडे रंग, आणि एकच हालचाल पुरे.

तिसरी गोष्ट विषयाची. शोभेच्या चित्रास विषय लागत नाहीं असें मानणें चूक आहे. मोर व कमळ यांस आमचा विरोध नाहीं. परंतु खाडीच्या कांठीं राहणारास बगळा रोज दिसतो, मोर क्वचित्. कळव्या-मुंब्र्याचा डोंगर पावसाळ्यांत धबधब्यांच्या पांढऱ्या रेघांनीं भरतो. ठाण्याच्या तलावांत संध्याकाळचे दिवे हलतात. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहांटे नटूनथटून जमलेली तरुण मंडळी, सकाळच्या गाडीच्या दारांत एका हातावर तोललेलीं माणसें, कल्याणच्या बाजारांत भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बायका, हीं काय त्रिकोणांत व रेघांत न बसणारीं दृश्यें आहेत? वारली बाईनें आपल्या डोळ्यांपुढचें शेत लिहिलें, म्हणून तिच्या चित्रास जीव आहे. तिचें शेत उतरविल्यानें तो जीव आपल्याकडे येत नाहीं. तिच्यासारखें आपल्या डोळ्यांपुढचें लिहिल्यानें कदाचित् येईल.

शेवटीं राहतो तो टिकाऊपणाचा प्रश्न. आज रंगाच्या डब्यावर सात वर्षें, दहा वर्षें टिकण्याचें आश्वासन छापलेलें असतें, व तें वाचून नवशिका हरखतो. आम्हांस मात्र हें आश्वासन नवशिक्याच्या दृष्टीनें धोक्याचें वाटतें. पहिलें चित्र दहा वर्षें टिकलें, तर दहा वर्षें दुसरें काढावयास भिंत उरणार नाहीं, आणि मोडतां न येणारी पहिली चूक रोज समोर राहील. वारली बाई व रांगोळी घालणारी बाई या दोघींचा हात तयार झाला तो पुसण्यामुळें. म्हणून घरांतील एक भिंत, किंवा सोसायटीच्या कुंपणाचा एक तुकडा, शिकण्यासाठीं राखून ठेवावा. दरवर्षीं पावसाळ्यानंतर तो एका साध्या रंगानें पुसावा आणि नव्यानें लिहावा. रस्त्यावरच्या मोठ्या भिंतीचा मान त्यानंतर. शेजाऱ्यांची संमतीहि अशा भिंतीस सहज मिळते, कारण नावडलें तरी तें वर्षभरापुरतेंच आहे हें त्यांस ठाऊक असतें.

नवशिक्यांनीं भिंतीस हात घालूं नये असें म्हणणारांशीं आमचा मतभेद आहे, हें वरील विवेचनावरून स्पष्ट होईलच. या जिल्ह्यांतील भित्तिचित्र शेंकडों वारली सुवासिनींच्या अशाच हातांनीं आजवर जिवंत ठेविलें. परंतु ज्या शिस्तीमुळें तें जगलें ती सोडून केवळ त्याच्या आकृति उचलल्या, तर भिंती रंगतील आणि चित्रकला मात्र होती तेथेंच राहील. पुढच्या दिवाळीस ठाणें-कल्याणच्या एखाद्या जिन्यांत कोणा मायलेकींनीं उंबऱ्यावरची रांगोळी संपवून, तोच गेरू व तीच पांढरी रेघ घेऊन शेजारची वाळलेली, घासलेली, आंखलेली भिंत लिहावयास घेतली, तर तिच्यावर जें उमटेल तें ओबडधोबड असलें तरी त्यांचें स्वतःचें असेल. तें पाहावयास आम्ही आनंदानें जाऊं, आणि त्यांतील गुणदोष तितक्याच मोकळेपणानें सांगूं.